मनी बेकु

अनुसयाबाईंचे मांजर हरवले ते पुंडलिकराव फिरतीवर निघाले त्या सकाळी, आणि दोष सर्वस्वी पुंडलिकरावांचा होता. टांगा दाराशी उभा होता, साहेब स्टेशनावर वाट पाहत असणार होते आणि वळकटीचा पट्टा सापडत नव्हता. त्या धांदलीत त्यांनी परसाचे दार उघडले, पट्टा वाळत घातलेला होता तो ओढून घेतला आणि दार तसेच टाकून अळणावरच्या गाडीला निघून गेले. मनी त्याच दाराने बाहेर पडली असावी.

खटावकर नवराबायको कऱ्हाडहून धारवाडला येऊन आठवडाही झाला नव्हता. छत्तीस सालच्या दिवाळीनंतर पुंडलिकरावांची जंगलखात्यात बदली झाली आणि मळमड्डीत बाळाचार्यांचे शेजारचे घर त्यांना भाड्याने मिळाले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे परस आणि पुढे चढायला उभ्या दगडी पायऱ्या. बाळाचार्य शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना मराठी उत्तम येत असे, पण ते दिवसभर मठात असत. त्यांच्या पत्नी वेणूबाई घरी असत, आणि त्यांना मराठी अजिबात येत नसे.

कऱ्हाडच्या घरात चार जावा, सासू, दोन आत्या आणि त्यांचे सतत चालणारे बोलणे होते. तिथे अनुसयाबाईंना क्षणभर शांतता मिळावी असे वाटे. इथे ती इतकी मिळाली की माठातून पाणी ठिबकते ते माजघरात ऐकू येऊ लागले. पहिल्या दिवशी आळीतल्या बायका येऊन गेल्या. त्या कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या. अनुसयाबाई हसल्या. मग पुन्हा सगळ्या हसल्या. गाल दुखू लागल्यावर बायका उठून गेल्या.

तेव्हापासून बोलायला मनीच होती. पांढरीशुभ्र, पोटुशी, आता कधीही विईल अशी. नव्या घरी मांजर टिकावे म्हणून अनुसयाबाईंनी तिच्या पंजांना लोणी चोळले होते आणि तिला घरातच कोंडून ठेवले होते. आज भाजी काय करू ग, असे विचारले की मनी डोळे मिटून उघडायची. तेवढ्यावरही दिवस जात होता.

परस रिकामे पाहून अनुसयाबाई पदर सावरत रस्त्यावर आल्या आणि हाका मारू लागल्या. "मनी, ए मनी, कुठे आहेस ग?"

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. धारवाडकडच्या कानडीत घराला मनि म्हणतात. अनुसयाबाईंना हे ठाऊक नव्हते. वेणूबाई कट्ट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना दिसले ते इतकेच, की नवी भाडेकरीण रडवेल्या तोंडाने घर, घर म्हणत रस्त्यावर भटकते आहे.

त्यांनी सूप खाली ठेवले, अनुसयाबाईंचा हात धरला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "निम्म मनि इल्ले अद अल्री." म्हणजे तुमचे घर इथेच आहे ना. आणि त्यांनी त्यांना पायऱ्या चढवून त्यांच्याच दारात नेऊन उभे केले.

अनुसयाबाईंना मनी एवढेच कळले. यांनी मांजराला आत जाताना पाहिले, असे समजून त्यांनी कोठी पाहिली, चूल पाहिली, गादीच्या गुंडाळ्या सोडून पाहिल्या. मनी नव्हती. त्या पुन्हा बाहेर पडल्या. या खेपेला कोपऱ्यावरच्या फुलवालीने त्यांना घरी आणून सोडले. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या गृहस्थांनी छत्रीच्या टोकाने लांबूनच त्यांचे घर दाखवले आणि त्या आत जाईपर्यंत ते उन्हात उभे राहिले. नव्या गावात माणसे वाट चुकतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे ते कानडीत म्हणाले. अनुसयाबाईंना वाटले, हेही मांजर इथेच आहे म्हणतात. त्यांनी पुन्हा एकदा कोठी पाहिली.

दुपारी नागोजी जळणाची गाडी घेऊन आला. तो अळणावरकडच्या खेड्यातला, घरी मराठी बोलणारा. त्याला पाहून अनुसयाबाईंना इतके बरे वाटले की नको असताना त्यांनी दोन मोळ्या जास्त घेतल्या. मनी हरवली आणि इथल्या बायकांना मी काय शोधते तेच कळत नाही, असे त्यांनी त्याला सांगितले. कानडीत मांजराला काय म्हणतात, असे विचारले.

"बेक्कु म्हनत्यात, बाई," नागोजी म्हणाला आणि बैल वळवून पुढच्या आळीला गेला.

अनुसयाबाईंनी तो शब्द घोकला. पण त्यांच्या तोंडात त्यातला जोड क बसेना. बेक्कुचा बेकु झाला. आणि बेकु म्हणजे कानडीत पाहिजे.

उन्हे कलली तेव्हा वेणूबाईंच्या कट्ट्यावर चार बायका वाती वळत बसल्या होत्या. अनुसयाबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "मनी बेकु."

बायकांचे हात थांबले. वेणूबाईंनी खात्री करून घेण्यासाठी विचारले, "मनि बेकेन्री?" घर पाहिजे का?

"बेकु, बेकु," अनुसयाबाई म्हणाल्या. आपले बोलणे कोणाला तरी कळले या आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी खाणाखुणांनी वर्णन केले. हात खाली धरून दाखवले: अशी लहानशी. समोरच्या भिंतीचा चुना दाखवला: अशी पांढरी. हात मागे लांबवत नेला: शेपटी अशी लांब. बायकांनी माना डोलावल्या. लहान घर, चुना दिलेले, मागे लांब परस. इतके सगळ्यांना नीट समजले. शेवटी मनीच्या दिवसांची आठवण येऊन अनुसयाबाईंनी आपल्या पोटापुढून हाताने मोठी कमान काढली आणि त्यांना हुंदका आवरेना.

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. वेणूबाई उठल्या. त्यांनी अनुसयाबाईंच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. घर का नको झाले हे त्यांना आता कळले. आमच्या पायऱ्या उभ्या, आणि बाई अवघडलेली. तिचे काही चुकत नव्हते.

एका मांजरासाठी या लोकांना केवढी माया, असे मनात म्हणत अनुसयाबाई हलक्या मनाने घरी गेल्या.

त्या संध्याकाळी वेणूबाईंकडून गोज्जु, चिंचेचे आंबट कालवण, आले. दुसऱ्या दिवशी लिंबाचे लोणचे आले आणि रात्री पुंडीपल्ले, म्हणजे अंबाडीची भाजी. अनुसयाबाईंना आंबट सोसत नसे. पहिल्यांदा त्यांनी चव घेतली, मग नुसता वास घेतला. घरात उरलेले आंबून गेले की आपल्याकडे पाठवतात की काय, अशी शंका त्यांना आली. पण लगेच त्यांनी ती झटकून टाकली.

मांजराची खबर मात्र कोणी आणेना. खबर आली ती वेगळीच. पलीकडच्या घरातल्या वकिलाच्या पत्नी जयलक्ष्मी सकाळी कुंकू लावून घ्यायला आल्या. आळीतल्या बायकांत मराठी बोलणाऱ्या अशा त्या एकट्याच, आणि नेमक्या चार दिवस हुबळीला बहिणीकडे गेल्या होत्या. आपली भाषा ऐकून अनुसयाबाईंनी त्यांना पाटावर बसवले, पंखा दिला, चहाला आधण ठेवले.

"वेणूअक्कांनी मला सांगितलं सगळं," जयलक्ष्मी मायेने म्हणाल्या. "तुमच्यासारखीला हे घर बरं नव्हं."

अनुसयाबाईंचा हात आधणावर तसाच राहिला. "माझ्यासारखीला म्हणजे?"

जयलक्ष्मींनी खाली पाहिले. या गोष्टी उघड बोलायच्या नसतात. "आता ते मी काय बोलून दाखवू? सगळ्या आळीला ठाऊक झालं की."

मग त्यांनी कामनकट्टीकडे एक घर रिकामे असल्याचे सांगितले. एकही पायरी नाही, विहीर दारात, शेजार शांत. अनुसयाबाई म्हणाल्या, यांना विचारून सांगते. जयलक्ष्मींनी ते घर शोधत असल्याची कबुली म्हणून घेतले आणि त्या समाधानाने गेल्या.

अनुसयाबाई बराच वेळ चुलीपुढे बसून राहिल्या. लग्नाला बारा वर्षे झाली होती. कऱ्हाडला कोणाचे डोहाळजेवण असले की त्यांना स्वयंपाकघरात काम निघायचे, आणि ते त्या स्वतःच काढायच्या. ओटी भरायला दुसऱ्या बायकांना पुढे बोलवत आणि त्या भांडी मोजत. बदलीचा हुकूम आला तेव्हा त्यांना मनातून बरे वाटले होते. नव्या गावात कोणाला काही माहीत नसेल. आता एवढ्या दूर येऊन चार दिवस झाले नाहीत तोच सगळ्या आळीला ठाऊक झाले होते. कोणी सांगितले असेल, हे त्यांना उमगेना. तोंडावरून कळते की काय, म्हणून त्यांनी आरसा काढून पाहिला.

त्यानंतर लोक येतच राहिले. फुलवालीने आपल्या दिराचे घर सुचवले. छत्रीवाले गृहस्थ चावी घेऊनच आले. अनुसयाबाईंना कानडी कळत नव्हती, पण चावी कळली. त्या दार लावून बसू लागल्या. मनीला हाका मारायच्या त्याही परसदारी, हलक्या आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये अशा. दूध घातलेली वाटी संध्याकाळी तशीच आत घ्यावी लागे. रात्री त्या एकटीपुरता भात टाकत आणि निम्मा उरे. एके दिवशी त्यांच्या ध्यानात आले की सकाळपासून आपण एक शब्दही बोललो नाही. आवाज आहे का पाहण्यासाठी त्यांनी माजघरात उभे राहून स्वतःचे नाव घेतले. ते दुसऱ्याच कोणाला हाक मारल्यासारखे वाटले.

शुक्रवारी वेणूबाईंचा भाचा गुरुराज आपल्या आईला घेऊन घर पाहायला आला. तो हुबळीला दाजीबानपेठेत राहायचा आणि त्याला धारवाडच्या शाळेत नोकरी लागली होती. वेणूबाईंनीच त्याला कळवले होते. भाडेकरीण जाणारच आहे, तर घर नात्यात राहील, यात वावगे काही नव्हते. त्याची आई अंबूताई स्वयंपाकघरात गेल्या, चुलीचा धूर कुठे जातो ते पाहिले, फोडणीत हिंग कमी आहे असे खुणेने सुचवले. गुरुराज चांगला मुलगा होता. तो मराठीत अदबीने बोलला.

"तुम्ही सावकाश निघा, बाई. आम्हाला घाई नाही. संक्रांतीच्या आत झालं की पुरे."

"आमची काही हरकत नाही," अनुसयाबाई म्हणाल्या. दुसरे काय म्हणायचे ते त्यांना सुचले नाही.

गुरुराजला पलंगासाठी भिंत मोजायची होती. दोरीचे दुसरे टोक धरायला माणूस नव्हते, म्हणून ते अनुसयाबाईंनी धरले. मापात बसते असे दिसल्यावर त्यांना उगीचच हायसे वाटले. मंडळी गेल्यावर त्यांनी नुकत्याच सोडलेल्या ट्रंका पुन्हा ओढून काढल्या आणि भांडी पुसून भरायला सुरुवात केली. फक्त मनीची वाटी बाहेर ठेवली. मनी सापडेपर्यंत आपण निघायचे नाही, एवढे त्यांनी ठरवले होते.

शनिवारी दुपारी पुंडलिकराव फिरतीवरून परतले. कट्ट्यापाशीच बाळाचार्य भेटले. ते कधी नव्हे ते थांबले आणि त्यांनी पुंडलिकरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"उशीर झाला खरा, पण देवानं ऐकलं. आता तेवढ्या पायऱ्यांना जपा."

पुंडलिकरावांना अर्थ लागेना. तेव्हा आचार्यांनी आवाज उतरवून स्पष्ट सांगितले. बारा वर्षांत या विषयावर पुंडलिकराव कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते, बायकोशीही नाही. मग हातातली वळकटी आचार्यांच्या कट्ट्यावर टाकून ते मागे फिरले आणि पेढे घेऊन आले. पायऱ्या ते पळत चढले आणि दारात आल्यावर, आत जायला भीती वाटावी तसे त्यांनी सावकाश पाऊल टाकले.

अनुसयाबाई बांधलेल्या ट्रंकेवर बसल्या होत्या.

"मला कळलं," पुंडलिकराव म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"आचार्यांनी."

"म्हणजे तुम्हालाही त्यांनी सांगून टाकलं." अनुसयाबाईंची नजर त्यांच्या हातातल्या पुड्यावर गेली. "आणि तुम्ही पेढे आणलेत?"

"मग काय आणायला हवं होतं?"

अनुसयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आपल्याला इथून काढले, भिंत मोजून नेली, ती दोरी मीच धरली, असे सगळे त्यांनी एका दमात सांगितले. पुंडलिकराव ऐकत राहिले. हळूहळू ते दुसऱ्या ट्रंकेवर बसले. आपल्याला काय सांगण्यात आले होते हे त्यांना सांगायचे नव्हते, पण बायकोने पुन्हा पुन्हा विचारल्यावर सांगावे लागले. पुंडलिकरावांनी पेढ्यांचा पुडा कोनाड्यात ठेवला, तो पडला, त्यांनी उचलून पुन्हा ठेवला.

अनुसयाबाई उठल्या. घरातून काढणे त्यांनी मुकाट्याने सोसले असते. पण नवऱ्याचा चेहरा आता पाहिला तसा पाहणे त्यांच्याने सोसवेना. त्या तडक जयलक्ष्मींकडे गेल्या, त्यांना घेऊन वेणूबाईंच्या ओसरीवर गेल्या आणि म्हणाल्या, "यांना विचारा, आम्ही यांचं काय वाईट केलं? घरातून घालवायचं तर घालवा. पण हे असलं खोटं कशाला पसरवलं?"

जयलक्ष्मींनी ते कानडीत सांगितले. वेणूबाई थक्क झाल्या. कोणी कोणाला घालवले? घर पाहिजे म्हणून हीच तर कट्ट्यासमोर उभी राहून रडली. आंबट चांगले लागावे म्हणून मी चिंच कोळून कोळून हात फोडून घेतले.

"मी घर मागितलं?" अनुसयाबाई म्हणाल्या. "कधी?"

"मनि बेकु म्हणालात की," जयलक्ष्मी म्हणाल्या. "चार बायकांनी ऐकलंय."

"मनी माझं मांजर आहे. मांजराला तुमच्यात बेकु म्हणतात ना?"

जयलक्ष्मींनी ते दोन्ही शब्द ओठांतल्या ओठांत उच्चारून पाहिले. मग त्या वेणूबाईंकडे वळून कानडीत सावकाश बोलू लागल्या. लहान, पांढरी, शेपटी लांब. वेणूबाईंनी आपल्या पोटाकडे बोट करून काहीतरी विचारले. जयलक्ष्मींनी मान हलवली. तेही मांजराचेच.

कोणी हसले नाही. वेणूबाईंना हसू येत होते, पण समोरच्या बाईचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले. त्यांनी अनुसयाबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. नंतर त्यांना एकदम काहीतरी आठवले. चार दिवस माळ्यावरून बारीक आवाज येत होता. त्या त्याला उंदीर समजत होत्या आणि दुधावरची साय जाते म्हणून सुनेला बोलत होत्या.

शिडी लावली गेली. माळ्यावर वेताच्या पेटाऱ्यात, बाळाचार्यांच्या पूजेच्या रेशमी मुकट्यावर मनी आडवी झाली होती आणि तिला चार पिल्ले लुचत होती. अनुसयाबाईंना पाहून तिने डोळे मिटून उघडले.

बाळाचार्यांना त्या दिवशी सुती पंचा नेसून संध्या करावी लागली. पेढे आळीत वाटले गेले. कशाबद्दल, हे वेणूबाई ज्याला त्याला कानडीत सांगत होत्या, आणि या वेळी लोक मोकळेपणाने हसले. पुंडलिकरावही थोडे हसले. गुरुराजला कामनकट्टीचे बिनपायऱ्यांचे घर मिळाले आणि त्याच्या आईच्या गुडघ्यांना तेच मानवले.

मनी मात्र आचार्यांच्या माळ्यावर टिकली नाही. मांजराची जात पिल्लांना सात घरे फिरवते. आठवड्याभरात ती मानेला धरून एकेक पिल्लू घेऊन जयलक्ष्मींच्या कोठीत गेली, तिथून फुलवालीच्या टोपल्यांत, तिथून छत्रीवाल्यांच्या अडगळीत. तिच्यामागे दुधाची वाटी घेऊन अनुसयाबाईंनाही त्या त्या घरी जावे लागे. गेल्यावर लगेच उठता येत नसे. कोणी पाट मांडी, कोणी वाती पुढे करी, कोणी बेक्कुमधला क दोनदा म्हणायला लावी.

पुढच्या फिरतीवरून पुंडलिकराव परतले तेव्हा दाराला बाहेरून कडी होती. ते भुकेले होते आणि आठ दिवस साहेबाखेरीज कोणाशी बोललेले नव्हते. त्यांनी परसाकडून जाऊन पाहिले. तिथेही कोणी नव्हते. शेवटी ते पायरीवर वळकटी टेकून बसले. पलीकडच्या कुठल्याशा घरात बायकांची भरभर बोलणी चालली होती, मधूनच मोठे हसणे येत होते. सगळे कानडी, त्यातले एक अक्षर त्यांना कळेना. बराच वेळ ऐकल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की सगळ्यांच्या वर चढलेला तो आवाज आपल्या बायकोचा आहे.